कोळ्याचा धागा आणि न ओढता मोजण्याची कला

अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक आहे. घेताना जास्त भरणारे आणि देताना कमी भरणारे माप वापरणे, असा त्याचा सरळ अर्थ. व्यापारावर उपजीविका करणाऱ्या समाजाला हा अतिचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पेढीवरचा काटा खरा असणे हीच पेढीची पत असते आणि ती पत एकदा गेली की भांडवल असूनही धंदा चालत नाही.

परंतु मापात येणारा प्रत्येक दोष लबाडीतूनच येतो असे नाही. मोजणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, वजने प्रमाणित असतात, तरीही माप चुकते. कारण मोजण्याची क्रियाच मोजल्या जाणाऱ्या वस्तूला धक्का देते. सराफाचा नाजूक काटा काचेच्या पेटीत ठेवलेला असतो तो याच कारणासाठी. वाकून पाहणाऱ्याच्या श्वासानेही त्याचे पारडे हलते. चमचाभर गरम पाण्यात गार तापमापक बुडवला, तर तो त्या पाण्यातील थोडी उष्णता स्वतःच घेतो आणि उरलेल्या उष्णतेचे माप दाखवतो. हंडाभर पाण्यात हा फरक जाणवत नाही, चमचाभर पाण्यात जाणवतो. वस्तू जितकी लहान, तितका मोजणाऱ्याचा हस्तक्षेप मोठा ठरतो.

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण अलीकडच्या ध्वनिशास्त्रात सापडते. आवाजाने थरथरणाऱ्या, केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक अशा धाग्याचे कंपन विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने मोजायचे आणि तेही धाग्याला न ओढता, असा हा प्रश्न आहे. विषय प्रयोगशाळेतला, पण त्याचा एक पदर घरातील ऐकू न येणाऱ्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचतो आणि दुसरा जीवदयेच्या विचारापर्यंत.

हवेबरोबर चालणारा धागा

माणसाचा कान आवाज ओळखतो तो हवेच्या दाबावरून. दाबाच्या लाटा कानाच्या पडद्यावर आदळतात, पडदा हलतो आणि पुढे मेंदूपर्यंत संदेश जातो. बहुतेक मायक्रोफोन याच पद्धतीने चालतात. मात्र आवाजाला दाबाखेरीज दुसरेही एक अंग आहे. आवाज पुढे सरकत असताना प्रत्येक ठिकाणची हवा किंचित पुढेमागे हलत असते. ही हालचाल किती सूक्ष्म असावी? सेकंदाला १००० कंपने असलेला सूर साध्या बोलण्याइतका, म्हणजे ६० डेसिबल मोठा असेल, तर हवा सुमारे ८ नॅनोमीटर इतकीच हलते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

इतक्या सूक्ष्म हालचालीबरोबर हलेल अशी वस्तू कोणती? अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाचे जियान झोउ आणि रोनाल्ड माइल्स यांनी २०१७ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी कोळ्याचे ५०० नॅनोमीटर, १.६ मायक्रॉन आणि ३ मायक्रॉन अशा वेगवेगळ्या जाडीचे धागे घेतले. त्यांतील ५०० नॅनोमीटर जाडीचा धागा सेकंदाला १ कंपनापासून ५० हजार कंपनांपर्यंत हवेच्या जवळजवळ बरोबरीने हलतो, असे दिसून आले. माणसाचा निकोप कान साधारण २० ते २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या धाग्याची योग्यता कळते.

यामागचे कारण समजण्यास अवघड नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरीपेत धुळीचे कण तरंगताना दिसतात. दगड तसा तरंगत नाही. पदार्थ एकच असला तरी कण इतका हलका असतो की हवा नेईल तिकडे तो जातो. धाग्याचेही तसेच. धागा निम्म्या जाडीचा केला की त्याचे वजन चौथ्या हिश्शावर येते आणि वाकण्याला होणारा त्याचा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. हवेचा त्याच्यावरील रेटा मात्र फार थोडा घटतो. जाडी कमी करत गेल्यास एक वेळ अशी येते, की धाग्याला स्वतःचे असे काही म्हणणे उरत नाही. हवा जशी हलते तसा तो हलतो.

विजेचा काटा

धागा हलला, पण तो किती हलला हे कळावे कसे? लेसर किरणांनी ते मोजता येते. प्रकाश धाग्याला जवळजवळ धक्काच देत नाही, म्हणून प्रयोगशाळेत लेसरचे माप विश्वासाचे मानले जाते. परंतु ते उपकरण टेबलावर मांडायचे असते आणि महागही असते. कानामागे बसणाऱ्या श्रवणयंत्रात ते मावणार नाही. त्यासाठी हालचालीचे रूपांतर थेट विजेत करणारा मार्ग हवा.

असा एक मार्ग शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील ई. सी. वेंटे यांनी १९१६ साली ‘कंडेन्सर’ मायक्रोफोन तयार केला. धातूची एक स्थिर पट्टी आणि तिच्यासमोर अगदी थोड्या अंतरावर ताणून बसवलेला पातळ पडदा, एवढीच त्याची मुख्य रचना. दोहोंमध्ये विद्युतदाब दिला की मधल्या फटीत विद्युतक्षेत्र तयार होते आणि पट्टी व पडदा यांच्यावर विद्युतभार साठतो. किती भार साठेल हे फटीच्या रुंदीवर अवलंबून असते. आवाजाने पडदा हलला की फट बदलते, फट बदलली की साठ्याची क्षमता बदलते आणि त्या चढउतारातून विजेचा संकेत मिळतो. १९६२ साली बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायम विद्युतभार धरून ठेवणारा पातळ पडदा वापरून हेच तत्त्व स्वस्त आणि सुटसुटीत केले. आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असलेला मायक्रोफोनही त्याच कुळातला आहे.

मग पडद्याच्या जागी बारीक धागा ठेवावा आणि तेच तत्त्व लावावे, इतके हे सोपे का नाही? पहिली अडचण साठ्याच्या आकाराची. धागा इतका बारीक की त्याच्यावर साठणारा भार नगण्य. जोडलेल्या तारांमध्येच त्याहून जास्त भार साठतो आणि त्यात धाग्याचा संकेत हरवतो. पोती तोलण्याच्या काट्यावर गुंजभर सोने तोलण्यासारखा हा प्रकार. म्हणून संकेत वाढवणारे यंत्र धाग्याच्या अगदी जवळ बसवावे लागते आणि विद्युतदाबही वाढवावा लागतो. येथे दुसरी आणि खरी अडचण उभी राहते.

ओढीचा दोष

विद्युतक्षेत्र नुसते पाहत नाही, ते ओढतेही. समोरासमोर असलेल्या विरुद्ध भाराच्या वस्तू एकमेकींना खेचतात. विद्युतदाब दुप्पट केला तर संकेत दुप्पट होतो, पण ओढ चौपट होते. नफा दुप्पट आणि जोखीम चौपट, असा हा व्यवहार. त्यातही आणखी एक गोम आहे. पडदा पट्टीच्या जवळ जाऊ लागला की ओढ वाढते आणि ओढ वाढली की तो आणखी जवळ जातो. समांतर पट्ट्यांच्या साध्या रचनेत विद्युतदाब वाढवत नेला आणि ओढीने पडदा मूळ फटीच्या एक तृतीयांशाहून पुढे सरकला, की त्याचा ताण त्याला सावरू शकत नाही. तो पट्टीला जाऊन चिकटतो आणि मोजणे तेथेच संपते.

यावर आजवरचा उपाय म्हणजे पडदा ताठ करणे. ताठ पडदा ओढीला बळी पडत नाही. मात्र तो आवाजालाही तितकासा दाद देत नाही. ज्या हळुवारपणासाठी धागा निवडला, तोच हळुवारपणा या उपायात गमवावा लागतो.

ही ओढ उगाच मोठी करून सांगितली जाते असे कोणाला वाटेल, तर निसर्गातील एक उदाहरण पुरेसे आहे. लहान कोळी पोटाकडचा भाग उंच करून हवेत धागे सोडतात आणि त्यांच्या आधाराने दूरवर उडत जातात. १८३२ साली अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० मैल दूर समुद्रात असलेल्या ‘बीगल’ जहाजावर असे कोळी येऊन उतरल्याचे चार्ल्स डार्विन यांनी नोंदवले होते. २०१८ साली इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठातील एरिका मॉर्ली आणि डॅनियल रॉबर्ट यांनी वारा नसलेल्या बंद पेटीत लहान कोळी ठेवले. विद्युतक्षेत्र सुरू केले की हवेत असलेले कोळी वर जात आणि बंद केले की खाली येत. नुसत्या विद्युतक्षेत्राच्या ओढीने धागा आपल्या मालकासह उचलला जातो, तर प्रयोगशाळेतील एकट्या धाग्याची काय कथा!

त्याच विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले होते की भुंग्यासारख्या मोठ्या मधमाश्यांना फुलाभोवतीचे विद्युतक्षेत्र कळते. २०१६ साली त्याचे कारणही पुढे आले. या माश्यांच्या अंगावरचे बारीक केस अशा क्षेत्रात हलतात आणि त्या हालचालीची जाणीव त्यांच्या मज्जातंतूंना होते. अभियंत्याला जी ओढ अडचण वाटते, तीच माशीसाठी फुलाचा निरोप असते.

तेव्हा ओढ पूर्णपणे नाहीशी होत नाही. पण ती निरुपद्रवी करता येते. व्यापाऱ्याला ही युक्ती लगेच उमजेल. तेल मोजताना भांड्याचे वजन असतेच; त्यासाठी दुसऱ्या पारड्यात आधी धडा करतात आणि मग निव्वळ तेल तोलतात. भांड्याचे वजन कायम तेवढेच राहते, म्हणून धडा चालतो. तोलता तोलता भांड्याचेच वजन बदलू लागले, तर कोणताही धडा उपयोगी पडणार नाही. विद्युतक्षेत्राचेही तसेच आहे. धागा हलला तरी ओढ बदलणार नाही अशी पट्ट्यांची मांडणी करता आली, तर ती ओढ धड्यासारखी बाजूला काढता येते. दोन पट्ट्या अशा ठेवाव्यात की धागा सरकताना एकीकडचा साठा जितका वाढेल तितकाच दुसरीकडचा घटेल. एकूण साठा कायम राहिल्याने धाग्यावर त्या दिशेने निव्वळ ओढ येत नाही आणि दोहोंमधील फरकातून हालचाल मात्र वाचता येते. माइल्स यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा विषय हाच आहे. अत्यंत लवचीक पडदा, मोठा विद्युतदाब आणि तरीही ओढीचा उपद्रव नाही, अशी रचना त्यांनी मांडली. त्याआधी कोळ्याच्या धाग्यासाठी त्यांनी आणि झोउ यांनी चुंबकाचा मार्ग वापरला होता. धाग्यावर सोन्याचा पातळ थर देऊन तो चुंबकीय क्षेत्रात ठेवला, की तो हलताच त्यात किंचित विद्युतदाब निर्माण होतो.

जैन परंपरेत आत्म्याचे स्वरूप ज्ञाता-द्रष्टा असे सांगितले आहे. जाणावे, पाहावे, पण राग-द्वेषाने वस्तूला आपल्याकडे ओढू नये किंवा दूर लोटू नये. जड यंत्राला ही उपमा पूर्णपणे लागू पडत नाही, हे उघड आहे. तरीही मापनाचे शास्त्र पुढे जाताना ज्या कसोटीपाशी येऊन थांबते, ती या विचाराच्या फार जवळची आहे. जे साधन ओढत नाही, त्याचेच माप खरे.

कान नसलेला श्रोता

माणसाने धाग्याने ऐकण्याची युक्ती आता शोधली. कोळी ती केव्हापासून वापरत आहे. २०२२ साली बिंगहॅम्टन आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी, ज्यांत झोउ आणि माइल्स हेही होते, चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. आवाज झाला की हे कोळी वळत, अंग आक्रसून घेत किंवा पुढचे पाय उचलत. ६८ डेसिबलच्या, म्हणजे थोड्या चढ्या आवाजातील बोलण्याइतक्या ध्वनीलाही ते प्रतिसाद देत. आवाजाने जाळ्याचे धागे हलतात आणि पायांवाटे ती थरथर कोळ्याला कळते. जाळ्याचा विस्तार कोळ्याच्या स्वतःच्या शरीराच्या दहा हजार पटींपर्यंत असू शकतो. इतका मोठा कान दुसऱ्या कोणत्या प्राण्याला लाभला असेल?

पाठशाळेत जीवविचार शिकलेल्या वाचकाला येथे एक प्रश्न पडेल. कोळी चतुरिंद्रिय जीवांत गणला जातो. त्याला स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी आहे, श्रोत्रेंद्रिय नाही. मग तो ऐकतो कसा? उत्तर प्रयोगातच आहे. कोळ्याला माणसासारखा कान नाही आणि कानाचा पडदाही नाही. जाळ्याची थरथर त्याच्या पायांना जाणवते, म्हणजे आवाज त्याच्यापर्यंत स्पर्शाच्या वाटेने पोहोचतो. यावरून शास्त्र सिद्ध झाले असे म्हणण्याची घाई करू नये आणि खोटे ठरले असे म्हणण्याचेही कारण नाही. शास्त्राचे वर्गीकरण आणि प्रयोगशाळेचे निरीक्षण यांचे हेतू वेगळे आहेत. मात्र एक गोष्ट दोन्हीकडून सारखीच कळते. कोपऱ्यात निश्चल बसलेला तो जीव वाटतो त्यापेक्षा कितीतरी अधिक जाणता आहे.

दिवाळीपूर्वी दुकान आणि घर झाडताना जळमटे काढली जातात. जाळे हे त्या जीवाचे घर असते, अन्न मिळवण्याचे साधन असते आणि त्याचा कानही असतो. स्वच्छता टाळता येत नाही. पण झाडू फिरवण्यापूर्वी जाळ्यात कोणी आहे का हे पाहणे आणि असल्यास त्याला हळूच बाहेर नेऊन सोडणे, एवढी जयणा प्रत्येकाला शक्य आहे.

रेशमाचा प्रश्न

अनेक जैन कुटुंबांत रेशीम वर्ज्य मानले जाते, कारण ते काढताना कोशातील जीवाचा घात होतो. मग कोळ्याच्या धाग्यावर चालणारे श्रवणयंत्र उद्या आले, तर ते कानाला लावावे का? कोळ्याचा धागा मिळवण्यासाठी त्याला उकळावे लागत नाही; तो जिवंत असताना धागा काढता येतो. तरीही त्यासाठी जीवाला धरून ठेवणे ही पीडाच आहे, हे नाकारता येत नाही. समाधानाची गोष्ट ही, की या शोधाचे मर्म रेशमात नसून बारीकपणात आहे. झोउ आणि माइल्स यांचे गणित धाग्याच्या जाडीला सर्वाधिक महत्त्व देते. तितकाच बारीक आणि हलका कृत्रिम धागा तेच काम करू शकतो. कोळ्याने वाट दाखवली, एवढे ऋण मानून त्याला त्याच्या जाळ्यात सुखाने राहू देता येईल.

घरातील श्रोते

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, याचे उत्तर घराघरांत बसलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील ५ टक्क्यांहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचाराची किंवा साहाय्याची गरज आहे. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. वडिलांसाठी मुले हौसेने श्रवणयंत्र आणतात आणि काही महिन्यांत ते कपाटाच्या खणात जाते. शांत खोलीत ते चालते; लग्नमंडपात, बाजारात किंवा प्रवचनाच्या गर्दीत मात्र सगळाच कल्लोळ मोठा होऊन कानावर आदळतो. दाब मोजणाऱ्या एकट्या मायक्रोफोनला आवाज कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. म्हणून बऱ्याच श्रवणयंत्रांत दोन मायक्रोफोन बसवून त्यांतील फरकावरून दिशा ठरवतात. पण खालच्या पट्टीतील आवाजांत तो फरक फार क्षीण असतो.

बारीक धागा हवेची हालचाल मोजतो आणि हालचालीला दिशा असते. धाग्याच्या आडव्या दिशेने आलेला आवाज त्याला हलवतो, धाग्याच्या लांबीच्या दिशेने आलेला हलवत नाही. समोरच्या माणसाचे बोलणे आणि बाजूचा गोंगाट वेगळा करण्याची क्षमता त्याच्या स्वभावातच आहे. अर्थात वाऱ्याची झुळूकही त्याला हलवते, धूळ आणि घाम यांपासून त्याला जपावे लागेल आणि प्रयोगशाळेपासून दुकानापर्यंतची वाट नेहमीच लांब असते.

तोवर जे हाती आहे ते करावे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी समोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश बोलावे. ओरडू नये, ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट अस्पष्ट होतात आणि ऐकणाऱ्याला तो राग वाटतो. टीव्ही आणि पंख्याचा आवाज आधी कमी करावा. कानांची तपासणी वेळेवर करून घ्यावी आणि यंत्र घेतले असल्यास ते योग्य तऱ्हेने जुळवून घेण्यासाठी तज्ज्ञाकडे पुन्हा पुन्हा जाण्याचा कंटाळा करू नये. त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी ‘तुम्हाला असेच म्हणायचे आहे ना’ असे म्हणून ते आपल्या बाजूला ओढू नये. पन्नास वर्षे पेढी चालवलेल्या माणसाला हिशेबाच्या बैठकीत कोणी विचारीनासे होते, तेव्हा त्याचे दुःख फक्त कानाचे नसते. त्याला बैठकीत बसवून, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची वाट पाहावी लागत नाही.